बाबू, झालं की लगेच सांग

डिचोली
१८ सप्टेंबर २०२५

चि. बाबू यास आईचे अनेक आशीर्वाद.

मामा उद्या पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर नेवऱ्या, भाजलेले काजू आणि हे पत्र देतेय. आजी बरी आहे, गुडघा तसाच आहे.

फोनवर मी बोलले ते बोलायला नको होतं. "एवढं शिकून हेच केलंस" असं म्हणाले, आणि तेही ताई समोर असताना. त्या शब्दांचं मला वाईट वाटतं. पण मी नेमकी कशानं दुखावले ते तुला कळलेलं नाही, म्हणून लिहितेय.

तू चवथीच्या दुसऱ्या दिवशी घुमट आरतीचा व्हिडिओ जोडायला घरच्या कॉम्प्युटरवर ते विकतचं सॉफ्टवेअर फुकटात उतरवलंस. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरटी फाइल, चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करा असं त्यात लिहिलेलं होतं आणि तू तो बंद केलास. त्याचा राग मला आला, नाही असं नाही. चोरालाच दाराची कडी काढून दिल्यासारखं झालं ते. पण व्हिडिओ तू आजीसाठी करत होतास, हेही मी विसरलेले नाही. मला लागलं ते निराळंच. तुझ्या मेलमध्ये कोणीतरी भलतीकडून शिरलंय हे तुला शनिवारीच कळलं होतं. रविवारी पाच दिवसांचा गणपती पोचवून तू रात्रीची बस धरलीस आणि पुढे दहा-अकरा दिवस अवाक्षर काढलं नाहीस. पिळगावच्या बाई दारात येऊन "तुम्ही मला मेल करून पाच हजार मागितलेत का?" असं विचारेपर्यंत मला काही पत्ता नव्हता. त्यांनी पैसे पाठवले नाहीत, विचारायला आल्या, हे आपलं नशीब.

शनिवारी सांगितलं असतंस तर मी त्याच मिनिटाला इंटरनेटची तार उपटली असती. तू पासवर्ड बदललास, पण त्याच मशीनवर बसून. आत हेर बसलेला असताना नवा पासवर्ड टाइप केला तर तो त्यालाच सांगितल्यासारखं. हे तुला मी सांगायला नको, पण घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. म्हणून तर दुसऱ्याला हाक मारायची.

या आठ दिवसांत मी बरंच वाचून काढलं. असला प्रोग्राम ब्राउझरमध्ये जपलेले सगळे पासवर्ड, तुझे तसे माझेही, एका झटक्यात उचलतो, आणि त्याबरोबर आपण साइन इन केलेलं असल्याची खूणही नेतो. ती खूण हाती लागली की ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. म्हणून मी ताईच्या लॅपटॉपवरून आधी सगळीकडून 'साइन आउट' केलं आणि मग एकेक पासवर्ड बदलला. विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं, ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतं. दोन फायली सापडल्या. तरी मन मानेना, म्हणून शेवटी सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. आता रोजच्या कामाला साधं खातं केलंय, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवलाय. फाइलच्या नावाचं शेपूटही दिसेल असं करून ठेवलंय, म्हणजे 'बिल डॉट पीडीएफ' असं दिसणाऱ्याच्या मागे 'डॉट ईएक्सई', म्हणजे प्रोग्राम, लपलेलं असलं तर आधीच कळेल. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या बंद व्हायच्या आहेत आणि आपलं जुनं मशीन ११ ला चालत नाही. त्याचं काय करायचं ते तूच सांग, मी ठरवलेलं नाही.

हे सगळं वाचून तुला व्याख्यान वाटेल. झेरॉक्सच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे पेन ड्राइव्ह घेतले, त्याची सवय आहे ती. माफ कर.

पण त्या दुकानातलीच एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. तू सहावीत असशील. नाट्यमंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. चौऱ्याऐंशी पानं, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि फायली उघडेनात. मी मंडळाच्या कोणालाच सांगितलं नाही. पप्पांनाही नाही. दोन रात्री जागून हाती होती तेवढी प्रूफं पाहून पुन्हा टाइप करत बसले. तिसऱ्या दिवशी खजिनदार सहज चौकशीला आले, आणि मग कळलं की आधीच्या आठवड्यात मीच त्यांना सीडी करून दिली होती, सगळी पानं तीत होती. लाजेपायी तोंड उघडलं नाही म्हणून दोन रात्री गेल्या, आणि तेवढ्यात ते संक्रमित मशीन मी चालूच ठेवलं होतं. आणखी तिघांच्या पेन ड्राइव्हमध्ये तो व्हायरस माझ्याकडून गेला. त्यातली एक शाळेतली मुलगी होती, तिचा प्रकल्प होता त्यात. तिला मी आजवर खरं सांगितलेलं नाही.

म्हणून लपवण्याची मला भीती वाटते रे. व्हायरसची नाही एवढी.

त्यानंतरच तू दुकानात बसायला लागलास ना? शाळा सुटली की दप्तर झेरॉक्सच्या मशीनवर टाकायचास. शॉर्टकट व्हायरसचे दिवस होते ते. गिऱ्हाईक रडवेलं होऊन यायचं, सगळी फोल्डरं गेली म्हणून. तू ती काळी खिडकी उघडून 'ॲट्रिब' हा हुकूम लिहायचास आणि लपवलेली फोल्डरं एकेक करून वर यायची. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, कोणाचे लग्नाचे फोटो. साखळी गावचे एक आजोबा तर तुझ्या हातात दहाची नोट ठेवून गेले होते, ती पप्पांनी देवाजवळ ठेवली. आणि २०१७ च्या मेमध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा तू नुकताच बारावी झाला होतास. मायक्रोसॉफ्टनं त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती आणि तू परीक्षा संपल्याबरोबर दोन्ही मशिनं अपडेट केली होतीस. पप्पा बसस्टँडवर ज्याला त्याला सांगत होते, आमच्या बाबूनं वाचवलं म्हणून. त्याच मुलाच्या हातून एक चूक झाली तर त्यानं आईपासून तोंड लपवावं?

बघ, पुन्हा तिथंच आले. लिहायला बसताना ठरवलं होतं की हे एकदाच लिहायचं.

पप्पांच्या आवाजाच्या फायली शाबूत आहेत. जत्रेतल्या नाटकांच्या कॅसेटींवरून तू उतरवलेल्या सगळ्या. ती डिस्क कपाटात होती, मशीनला जोडलेली नव्हती, म्हणून वाचली. जोडलेली असती आणि खंडणीवाला व्हायरस असता तर तीही कुलूपबंद झाली असती. मी अजून ती नव्या विंडोजला जोडलेली नाही. हात होत नाही. तू एक दुसरी प्रत पुण्यात ठेव, मामाकडे ताईनं केलेला पेन ड्राइव्ह दिलाय.

पुण्यात तुझा पगार मोठा, फोनवर बँक, शेअर, सगळं तिथंच. कधी पैसे गेले तर लाजत बसू नकोस, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लाव. जितक्या लवकर लावशील तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. कोणी पोलिसांच्या वेशात व्हिडिओवर येऊन धमकावलं आणि घरी सांगू नका म्हणालं, तर ते चोरच समज. ते पहिल्यांदा हेच सांगतात, घरी सांगू नका. मग मला फोन कर. रात्री दोनला कर. मी ओरडणार नाही. ओरडलेच तर ताईकडे दे म्हण, पण फोन ठेवू नकोस.

जेवण वेळेवर घे. खोलीत ओल येते म्हणालास, त्या भिंतीला पलंग लावू नकोस.

तुझी,
आई

ता. क. — आपल्या मोतीच्या नावाचा तो जुना पासवर्ड तू आणखी कुठे कुठे ठेवला आहेस ते आठव. ताई म्हणते तुझ्या बँकेलाही तोच होता. असेल तर नेवऱ्यांचा डबा नंतर उघड, आधी तो बदल. आणि बदललास की मला एका ओळीनं कळव.