सही केली आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर माझ्या पुढच्या नोकरीचा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का ते विचारते. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

हैदराबादच्या कंपनीला मी नकार कळवला आहे. स्पेनमधल्या अलिकांते विद्यापीठाच्या संशोधनाच्या करारावर सही केली आहे. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं, करार तीन वर्षांचा. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही दोघंही लगेच "जा" म्हणाला असता आणि मग रात्र रात्र जागला असता. ते ओझं तुमच्या माथी नको होतं.

पैशाची काळजी करू नका. घराचा हप्ता मीच भरणार, दादाशी तसं बोलून झालंय. राहायला विद्यापीठाजवळ फ्लॅट आहे, आणखी एका मुलीसोबत, स्वयंपाकघर आपलंच. समुद्रकाठचं गाव, ऊन भरपूर, बर्फाबिर्फाचं नावच नाही. त्या भागात भात रोजच्या जेवणात असतो, हरभरा-मसूर साध्या वाण्याकडे मिळतात. काळा मसाला मी इथूनच नेणार, तेव्हा आई, माझ्या पोटाची चिंता तू मनातून काढ.

आता तुझा प्रश्न. दिवाळीत तू विचारलंस, "मिठाच्या पाण्यातल्या जंतूंचा अभ्यास करून कुणाचं काय भलं होणार?" तेव्हा घरात पाहुणे होते आणि हे घाईत सांगण्यासारखं नव्हतं.

अलिकांतेच्या दक्षिणेला सांता पोलाची मिठागरं आहेत. 1989 च्या सुमारास याच विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका नावाच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी तिथला एक सूक्ष्मजीव घेतला. प्रश्न एवढाच, की इतक्या खारात हा जगतो कसा? त्याचा डीएनए वाचताना भलतंच काही दिसलं. 30 अक्षरांचा एक तुकडा, मग 36 च्या आसपास अक्षरं वेगळी, पुन्हा तोच तुकडा, असं कितीदा तरी. जपानमधल्या ओसाकात 1987 मध्ये आतड्यातल्या एका जिवाणूत असंच काही दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नव्हता. मोहिकांना हे शोधायला कुणी सांगितलं नव्हतं, हाताशी पैसाही बेताचाच होता, तरी त्यांनी तो धागा सोडला नाही. 2003 च्या उन्हाळ्यात त्यांनी मधल्या वेगळ्या अक्षरांकडे नीट पाहिलं. असे 4,500 तुकडे ताडून पाहिले, त्यातले 88 ओळखीचे निघाले आणि त्यातले बरेचसे विषाणूंचे होते. म्हणजे जो विषाणू चालून आला त्याचा तुकडा हे जीव जपून ठेवतात, पुढच्या पिढीला देतात, आणि तो पुन्हा आला की त्याला ओळखून कापतात. तू दवाखान्यात लसीकरणाचं रजिस्टर जपायचीस, तशी ही नोंद. मोठमोठ्या नियतकालिकांनी लेख परत पाठवला. तो छापून यायला 2005 उजाडलं.

यालाच आज क्रिस्पर म्हणतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांनी 2012 मध्ये त्यातूनच डीएनए हव्या त्या जागी कापायचं साधन केलं आणि 2020 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये या साधनावरच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. आजार कोणता माहीत आहे का, आई? सिकलसेल.

हे वाचून तू थांबशील, मला ठाऊक आहे. मेळघाटातल्या धारणीच्या दवाखान्यात तू किती पोरांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतलास. त्यातल्या एकाचं नाव आपल्या घरात अजूनही कुणी काढत नाही. मीही काढत नाही. फक्त एवढंच सांगते, की रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून त्यात एक बदल करतात, मग त्याचं शरीर गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लागतं आणि रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. अमेरिकेत याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली आहे. मेळघाटात हे पोचायला अजून खूप काही व्हावं लागेल, तुला खोटी आशा दाखवत नाही. पण मिठागरातल्या जंतूचा विचार करत बसणारा तो माणूस नसता, तर हे सुरूच झालं नसतं. त्याला तर सिकलसेल शोधायचाच नव्हता!

बाबा, तुम्हाला वेगळं समजवायची गरज नाही. हळदीचा कागद लोणारच्या पाण्यात बुडवून लाल कसा होतो ते तुम्हीच दाखवलंत. मी काठावर बसून सगळे कागद संपवले, आणि तुम्ही रागावला नाहीत, शाळेच्या कपाटातली हळद आणखी दिलीत. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचं कारण मिठात जगणारे सूक्ष्मजीव असं सांगितलं, तेव्हा तुम्ही मला फोन करून किती वेळ बोलत होतात! डॉक्टरांनी शुगर सांगितल्यापासून तुम्ही तेवढं कधी बोलला नाहीत.

त्या 4,500 मधले बाकीचे तुकडे कुणाचे? आजही अशा बहुतेक तुकड्यांचा मालक सापडत नाही. खाऱ्या पाण्यात एकेका पेशीमागे दहा-दहा विषाणू असतात आणि त्यातले फारच थोडे आपल्याला माहीत आहेत. मला ते शोधायचे आहेत. कंपनीत हे कुणी करू दिलं नसतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. परत आल्यावर लोणारच्या पाण्यावर हेच करायचं मनात आहे.

आता ऐका. बाबा, दर तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे साखरेची ती रक्ततपासणी, चुकवायची नाही. रिपोर्टचा फोटो मला आणि दादाला, दोघांनाही. सकाळी उपाशीपोटी फिरायला जायचं नाही. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना चढू नकोस आणि यंदा गच्चीवर पापड घालायचे नाहीत. वाटल्यास वहिनी घालेल. रागावू नकोस गं, तुझ्या हातचे पापड मलाही हवेत, पण तू पडलीस तर मी तिथून काय करू?

दादा दर रविवारी येईल, त्याच्याशी भांडू नका. व्हिडिओ कॉल कसा उचलायचा ते बाबांना येतं, आईनेही शिकायचं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणून तुमचं जेवण झाल्यावर मी फोन करीन, रोज. पुढच्या आठवड्यात घरी येतेय, तेव्हा व्हिसासाठी लागणारा माझा जन्मदाखला काढून ठेवा. लोखंडी कपाटात, आईच्या नोकरीच्या कागदांखाली आहे.

तुमची,
चिमी