नगरसेवकांच्या ठेकेदार पाहुण्यांची नावं बोर्डावर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये इलेक्शन झालं आणि कोल्हापूर महापालिकेत पुन्हा ८१ नगरसेवक आले, नोव्हेंबर २०२० पासनं प्रशासकच होता त्यामुळं साधं गटारीचं काम असलं तरी कुणाला गाठायचं हेच कळत न्हवतं, आता हक्काचं माणूस मिळालं याचा आनंदच आहे. पण नगरसेवक आले की मागनं ठेकेदार पण येतात, ते बोलायचं असेल तर आत्ताच, टर्म संपत आल्यावर बोलून काय उपयोग.

आमच्या पेठेत मागं एका गल्लीचं काँक्रीट केलं. कोपऱ्यावर माहितीचा बोर्ड होता पण त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, तो पावसात फाटला तेव्हा बोर्ड दिसला. कामाचं नाव होतं, रक्कम होती, ठेकेदाराच्या नावापुढं मात्र नुसतीच रेघ. काम कुणाच्या मेहुण्यानं केलं हे गल्लीतल्या पोरांना पण माहीत आहे, कागदावर कुठंच नाही. एका पावसाळ्यात खडी वर आली ती आली, विचारायचं कुणाला?

कायदाच नाही असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधलं कलम १० बघा, महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. त्याच कलमात बेकायदा बांधकामाबद्दल लिहिताना नवरा-बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे पण धरलेत, ठेक्याच्या बाबतीत मात्र भागीदारावरच थांबलंय. म्हणजे मेहुण्याच्या, चुलतभावाच्या नावानं फर्म काढली की हिस्सा सिद्ध करायचं ओझं तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर, आणि कागदपत्रं सगळी समोरच्याच्या कपाटात. गैरवर्तनासाठी नगरसेवकाला काढायची शिफारस महापालिकेनं करायची म्हटली तर तीन चतुर्थांश नगरसेवकांचा पाठिंबा पाहिजे, ८१ मधले ६१. आपल्याच शेजारी बसणाऱ्याविरुद्ध ६१ हात वर होतील असं मला तरी वाटत नाही, पक्ष कुठलाही असू दे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टेंडर भरतानाच ठेकेदारानं लिहून द्यावं की कुठल्याही नगरसेवकाशी किंवा महापालिकेतल्या अधिकाऱ्याशी आपलं नातं आहे का आणि काय, खोटं निघालं तर डिपॉझिट जप्त आणि ब्लॅकलिस्ट. हे सगळं वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर आणि वेबसाईटवर लावायचं. अधिकाऱ्यांना सोडू नका, कारण झालेल्या कामाची मापं लिहायच्या मोजमाप पुस्तकावर सही त्यांचीच असते, बिल त्याशिवाय निघत नाही.

आणि तक्रारीला मुदत पाहिजे. लाचेच्या केसमध्ये सरकारी माणसावर खटला भरायच्या मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत, फार तर आणखी एक महिना घेऊन द्यावा असं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीत आलंय, मग हितसंबंधाच्या तक्रारीला तारीख का नको? अर्ज दिला की पोच मिळते आणि पुढं सगळं गप्प, चौकशी चालू आहे एवढंच ऐकायला मिळतं.

टोलच्या वेळी सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं म्हणून टोल गेला. या मागणीसाठी तेवढं करायची गरजच नाही, महासभेत एक ठराव आणा आणि त्यावर कोण हो म्हणालं, कोण नाही, हे नावानिशी तुमच्या पेपरात छापा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर