खोकला राहिला म्हणून लगेच अँटिबायोटिक नको

संपादक साहेब, नमस्कार.

हवा बदलली की घरोघरी एकच रड, सर्दी-ताप चार दिवसात गेला पण खोकला काही पाठ सोडत नाही. रात्री आडवं झालं की ढास लागते, मग माणूस मेडिकलमधे जाऊन म्हणतो "काहीतरी स्ट्राँग द्या हो" आणि समोरचा अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप नि सिरपची बाटली काउंटरवर ठेवतो, चिठ्ठी मागतच नाही. हे सर्रास चाललंय आणि याची मला खरंच काळजी वाटते.

व्हायरल गेलं तरी श्वासनळ्यांची सूज लगेच उतरत नाही, त्या इतक्या हुळहुळ्या झालेल्या असतात की उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, एसीची गार हवा, कशानेही उबळ येते. असा खोकला तीन आठवडे, कधी तर आठ आठवडेसुद्धा राहतो आणि आपला आपण जातो. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही, उलट उगाच घेत राहिलं की खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. त्यापेक्षा कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, झोपताना चमचाभर मध, तोंडात ज्येष्ठमध, उशी जरा उंच, एवढ्याने बऱ्याच जणांची रात्र निघते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका.

आणि लहान मुलांना मनाने सिरप तर नकोच नको! 2025 मधे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, पाचच्या आत सहसा नकोतच, असं केंद्राने तेव्हा परत सांगितलं, तरी मोठ्यांच्या बाटलीतलं अर्धं टोपण बाळाला पाजणारे आहेतच.

पण म्हणून खोकला नुसता अंगावरही काढू नका. दोन आठवडे उलटले की थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते, टीबीचं नाव निघेल म्हणून लपवण्यात काही अर्थ नाही. रक्त पडलं, धाप लागली, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. बीपीसाठी रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिच्यानेही कोरडा खोकला येतो, फक्त ती आपल्या मनाने बंद करू नका.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हे ठळक छापाल का? आणि एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानांवर आता जरा कडक व्हावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे