शिरीषला पत्र : अँडीजमधला फिरोजी जे

कीटो, इक्वेडोर
९ जुलै

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. इथे आलास की सगळे दिवस ॲमेझॉनच्या सखल रानातच घालवायचे म्हणतोस. माझं ऐक, निदान दोन दिवस अँडीजच्या पूर्व उतारासाठी ठेव. मकाव, म्हणजे ते मोठे रंगीत पोपट, इतरत्रही दिसतील. ‘टरक्वाइज जे’ नावाचा फिरोजी पक्षी मात्र दक्षिण कोलंबिया ते उत्तर पेरू एवढा डोंगरपट्टा सोडला तर कुठेच नाही.

गेल्या रविवारी पापायाक्ताच्या खिंडीपलीकडे, साधारण २७०० मीटरवर होतो. लॉजच्या ओसरीतल्या दिव्यावर रात्रभर पतंग जमतात. फटफटलं आणि जेंची टोळी न्याहारीला हजर! एक तर माझ्यापासून चार हातांवर. त्याने भिंतीवरचा पतंग उचलला, फांदीवर नेऊन पायाखाली दाबला, पंख उपटले आणि धड गिळलं. लांबी ३२ सेंटीमीटरच्या आसपास. डोळ्यांवर काळा मुखवटा, गळ्याखाली बारीक काळी कंठी, डोकं नि गळा फिकट, बाकी अंग गर्द फिरोजी. कूळ कावळ्याचं, म्हणजे आपल्या टकाचोराचा भाऊबंद.

त्या पिसांत निळं रंगद्रव्य मुळी नसतंच. पीस ज्या केराटिन प्रथिनाचं बनतं, त्यातल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांतून प्रकाश विखुरतो आणि निळाई दिसते. खालच्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यामुळे ती उठून येते. असं निळं पीस उजेडासमोर धरून आरपार पाहिलंस, तर मळकट तपकिरी दिसेल. एवढं ठाऊक असूनही पक्षी समोर आला की मी नुसता बघत राहतो.

आणि ते रान! ॲमेझॉनवरून आलेली ओली हवा डोंगर चढताना गार होते, तिचे ढग होतात आणि झाडांतच अडकतात. खोडाखोडावर शेवाळाचे जाड थर. पाऊस नसला तरी त्यातून पाणी ठिबकतच असतं. याच शेवाळात, ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या, झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या) पानांच्या बेचक्यांत चोच खुपसून हा जे पक्षी किडे शोधतो. आज ही जात धोक्यात नाही, याचं मला फार समाधान आहे. पण कुरणांसाठी उतारावरची झाडं तुटतात, आणि हवा तापेल तसा ढगांचा थर वर सरकणार. वर पारामोचं, म्हणजे उंचावरच्या उघड्या माळाचं गवत, झाड नाही. तेव्हा या पाखरांनी जायचं कुठे? हा विचार मला सोडत नाही.

खिंड ४००० मीटरच्या वर आहे, म्हणून आधी कीटोत एक दिवस विश्रांती घे. रेनकोट आण, दुर्बीण पुसायला सुती फडकी आण. तिकीट काढण्याआधी तारखा कळव, म्हणजे मी रजा टाकतो. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
अविनाश