विषय: अडकलेले बटण, न झालेली दुरुस्ती आणि तिचे बिल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी रत्नागिरीत न्यायालयाजवळ मराठी टायपिंग करतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार अशी कामे असतात. आपल्या कंपनीचा मेकॅनिकल कीबोर्ड माझ्याकडे कित्येक वर्षे आहे आणि त्याच्यासारखा हात दुसऱ्या कशावर बसत नाही. या पावसाळ्यात त्याचे ‘डी’चे बटण दाबले की खालीच बसू लागले.

इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीत अक्षराचा पाय मोडतो तो याच बटणाने. क्ष, त्र, ज्ञ शिफ्ट धरून आकड्यांच्या ओळीतून मिळतात, पण बहुतेक जोडाक्षरांना हे बटण लागतेच. ते लागले नाही तर ‘न्यायालय’चे ‘नयायालय’ होते आणि अडकून राहिले तर पाय मोडल्याच्या खुणांची रांग उमटते. असा कागद वकिलांच्या हाती कसा द्यायचा?

म्हणून कीबोर्ड आपल्या अधिकृत सेवा केंद्रात दिला. परत आला तो जॉबशीटवर ‘दुरुस्ती पूर्ण’ असा शिक्का घेऊन. ३५० रुपये भरले. बटण मात्र पूर्वीसारखेच अडकते आहे. शिवाय त्याची टोपी, म्हणजे बोट पडते तो वरचा प्लास्टिकचा भाग, चिकट झाली असून वरचे अक्षर पुसले गेले आहे. टोपीला थिनरचा वास येतो. ही टोपी एबीएस प्लास्टिकची, आणि असल्या द्रावणात ते प्लास्टिक विरघळते. बटणाखालचा स्विच साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पुरतात, एवढे तरी कंपनीच्या केंद्रात ठाऊक असायला हवे.

मी पुन्हा गेलो तेव्हा ‘मॉडेल बंद झाले, पार्ट नाहीत, नवीन घ्या’ असे उत्तर मिळाले. हे मला मान्य नाही. या कीबोर्डमध्ये प्रत्येक अक्षराखाली वेगळा स्विच आहे आणि तो दोन पिनांनी बोर्डाला सोल्डर केलेला आहे. पार्ट नसेल तर ‘स्क्रोल लॉक’खालचा स्विच काढून ‘डी’खाली बसवा, मला ते बटण कधीच लागत नाही, असेही मी सुचवले. सोल्डरिंग करणाऱ्याला हे अर्ध्या तासाचे काम आहे. काउंटरवरच्या माणसाने कीबोर्ड आत नेलासुद्धा नाही. एका स्विचसाठी शंभरावर चांगली बटणे भंगारात टाकायला मी तयार नाही.

माझे ३५० रुपये परत करावेत. स्विच बदलून, नवी टोपी घालून, माझ्यासमोर मराठी मजकूर टाइप करून कीबोर्ड ताब्यात द्यावा. आणि सुटे स्विच व टोप्या ग्राहकांना विकत मिळतील अशी सोय करावी, कारण माझ्यासारखे जुन्या कीबोर्डवर पोट भरणारे आणखी बरेच आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती, जॉबशीट आणि टोपीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक जुना ग्राहक