सूचना : शनिवारचं वाचन, यावेळी भुताच्या गोष्टी

सभासदांनो, नमस्कार.

येत्या शनिवारी सायं. ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एम. आर. जेम्स यांचा १९०४ सालचा इंग्रजी भयकथासंग्रह घेत आहोत. (अमावास्या वगैरे नाही, हॉल रिकामा आहे इतकंच.)

कथा ८ आहेत, सगळ्यांची सक्ती नाही. या दोन मात्र वाचूनच या :

– 'नंबर १३' : डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गचं हॉटेल. रात्री १२ आणि १४ नंबरच्या मधे एक खोली असते, सकाळी नसते.
– 'द मेझोटिंट' : एका वाड्याचं छापील चित्र. दर वेळी पाहावं तर हिरवळीवरची आकृती सरकलेली! रक्त नाही, किंकाळी नाही, तरी अंगावर काटा येतो. माझं मत हिलाच.

जेम्स नाताळात केंब्रिजला मित्रांना या कथा स्वतः वाचून दाखवत. आपणही मोठ्यानेच वाचू. वाचणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव कळवावं.

लेखक १९३६ मध्ये वारले, कॉपीराइट संपलाय. झेरॉक्स काउंटरवर मिळतील.

शेवट ग्रुपवर कृपया फोडू नये. लहान मुलांना आणू नका. दिवे चालूच राहतील, विचारू नये.

– कार्यवाह