मार्चअखेरचा पैसा जंगलाच्या कामाला येत नाही : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०००३२

विषय : वन व पर्यावरणाच्या तरतुदी, त्यांच्या वितरणाच्या तारखा आणि मांडणी

महोदय,

सविनय नमस्कार.

पर्यावरणासाठी तरतूद वाढवा, अशी निवेदने आपल्याकडे ढिगाने येत असतील. हे पत्र त्या ढिगातले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आहे तो पैसा ज्या तारखांना सुटतो आणि ज्या लेखाशीर्षांखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यांखाली) विखुरला जातो, त्यातच त्याचे बरेचसे मातेरे होते. ही दुरुस्ती वन विभागाला करता येणार नाही. ती आपल्या विभागातच व्हायला हवी.

२५ हेक्टरचे एक रोपवन घ्या. लागवड जुलै २०२८ मध्ये करायची आहे असे धरू. दीड वर्षाचे उंच, दणकट रोप हवे, तर रोपवाटिकेत बी जानेवारी २०२७ च्या सुमारास पिशवीत पडले पाहिजे. म्हणजे पहिला खर्च २०२६-२७ मध्ये. २०२७-२८ हे सबंध वर्ष रोपांना पाणी, निंदणी, पिशव्या हलवणे आणि मुळे पिशवीबाहेर जमिनीत शिरू न देणे यात जाते. फेब्रुवारी ते मे २०२८ या काळात खड्डे, म्हणजे हे काम ३१ मार्चच्या अलीकडे निम्मे आणि पलीकडे निम्मे. लागवड २०२८-२९ मध्ये. रोप जमिनीत जाईपर्यंत तीन आर्थिक वर्षे उलटतात, आणि मंजुरी मात्र दर वर्षी नव्याने मागायची.

आता खड्ड्याचे बघा. तीन बाय तीन मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपे बसतात, २५ हेक्टरात २७,७७५. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. एवढ्या खड्ड्यांतून सुमारे २,५३० घनमीटर माती आणि मुरूम निघतो, बहुतेक ठिकाणी कुदळीने. खड्डे उन्हात तापले पाहिजेत, म्हणून हे काम पावसाच्या तोंडावर उरकून चालत नाही. अनुदान बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर, २० मार्चला दिसले, की वर्षअखेरीला उरतात अकरा दिवस. मग ४५ चा खड्डा ३० चा होतो. ऐकायला फरक पंधरा सेंटिमीटरचा, पण ३० च्या खड्ड्यातून निघणारी माती ४५ च्या खड्ड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरते. मुळाला तेवढीच मऊ जागा मिळते, आणि दिवाळीनंतर ओल खाली गेली की रोप वाळते. खड्डा एकदा बुजला, की तो किती खोल होता हे कोणत्याही लेखापरीक्षकाला सांगता येत नाही.

लागवडीनंतरचा खर्च तर अंदाजपत्रकात अनाथच असतो. पहिल्या पावसाळ्यात दोन निंदण्या, आळे करणे, मातीची भर. दुसऱ्या वर्षी नांग्या भरणे. २० टक्के मर धरली तर या एका रोपवनाला ५,५५५ रोपे पुन्हा लागतात, आणि तीही आधीच्या वर्षी रोपवाटिकेत तयार असावी लागतात. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढती लक्ष्ये ठेवली. लक्ष्य लावलेल्या रोपांचे होते, त्यामुळे पैसा लावण्याकडे वळला. वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या बदल्यात होणाऱ्या भरपाई वनीकरणात दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च जमीन घेणाऱ्या यंत्रणेकडून आधीच भरून घेतला जातो. जी शिस्त शासन धरण आणि खाण कंपन्यांना लावते, ती स्वतःच्या रोपवनाला का लावत नाही, याचे उत्तर आम्हाला कोणत्याही परिपत्रकात सापडलेले नाही.

यापेक्षा वाईट गत जाळरेषांची, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांची आहे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून, ते वाळू देऊन, पहाटे किंवा संध्याकाळी वारा पडलेला असताना माणसे उभी करून जाळायचे असते. हे डिसेंबर-जानेवारीत होते, कारण तेव्हा आजूबाजूच्या गवतात थोडी ओल असते आणि आग पट्ट्याबाहेर जात नाही. मार्चमध्ये तेच काम करायला गेलात तर जाळरेषेचाच वणवा होतो. मार्च-एप्रिलला मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, पाठोपाठ तेंदूचा हंगाम येतो. सगळ्यात जास्त माणसे लागतात ती याच दिवसांत. हंगामी मजुरांची मजुरी ‘०२ मजुरी’ या उद्दिष्टशीर्षातून जाते, गाडीचे डिझेल ‘२४ पेट्रोल, तेल, वंगण’ मधून. वनपरिक्षेत्रात ब्लोअर (वणव्याच्या वाटेतला पाला उडवणारे यंत्र) कपाटात आहे, पण त्यात घालायला पेट्रोल उधारीवर आणावे लागते, हे चित्र क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना नवे नाही. वर वित्त विभाग मार्चची उधळपट्टी रोखण्यासाठी बहुतेक वर्षी खरेदीला चाप लावणारे परिपत्रक काढतो. हेतू योग्यच. पण त्यातली तारीख अनेकदा १५ फेब्रुवारी असते, म्हणजे नेमका वणव्याच्या हंगामाचा पहिला दिवस.

उशिरा आलेला पैसा परत जाऊ नये म्हणून कार्यालये काय करतात, हेही उघडच आहे. मजुरांच्या हजेरीपटावर महिनाभराचे काम एका आठवड्यात दाखवता येत नाही. तारेचे कुंपण, सिमेंटचा बंधारा, स्वागत कमान, माहितीफलक यांचे देयक मात्र एका दिवसात कोषागारात जाते. निंदणीचा आणि गस्तीचा पैसा अशा रीतीने सिमेंट होतो. यात दर वेळी कोणाची लबाडी असते असे नाही. ३१ मार्चला अनुदान व्यपगत होणार, म्हणजे न खर्चलेले परत जाणार असेल, तर कोणताही आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचा पैसा काढून वाटणारा) हेच करील.

म्हणून पहिली विनंती अशी. बीम्सवरचे वितरण सगळ्या विभागांना एकाच टक्केवारीने न करता ‘२४०६ वनीकरण व वन्यजीवन’ खालच्या मजुरीपुरते तरी हंगामाने करावे. रोपवाटिका, खड्डे आणि लागवड यांची मजुरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण खुली व्हावी. निंदणीची ऑगस्टआधी, जाळरेषांची आणि हंगामी मजुरांची १ डिसेंबरआधी. रोख प्रवाहाची अडचण सांगितली जाईल याची कल्पना आहे. पण पूर्ण विभागाची तरतूद एकदम सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मोठी बांधकामे आणि वाहने खुशाल शेवटच्या हप्त्यात ठेवा, किंबहुना ठेवाच.

काही अधिकारी यावर तोडगा म्हणून पैसा मार्चमध्ये काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने कोषागारात असलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवायचे सुचवतात. आमचा त्याला विरोध आहे. तिथे पैसा खर्ची पडल्यासारखा दिसतो आणि विधिमंडळाच्या नजरेआड होतो. व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठाने वन्यजीव कायद्याच्या कलम ३८ एक्स खाली उभी आहेत, पर्यटनाचे उत्पन्न तिथेच राहते आणि ३१ मार्चला संपत नाही, हे ताडोब्यासारख्या ठिकाणी उपयोगी पडले. पण पर्यटक जिथे जातच नाहीत अशा प्रादेशिक वन विभागांना ही सोय नाही, आणि वणवे तिथेही लागतात. त्यांच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे बहुवार्षिक मंजुरी : रोपवनाला प्रशासकीय मान्यता देतानाच सात वर्षांचा खर्च वर्षवार लिहायचा आणि पुढच्या वर्षांची रक्कम अनिवार्य खर्चात धरायची. नव्या लागवडीला कात्री लागली तरी चालेल, जुन्या लागवडीच्या निगेला लागता कामा नये.

आता कॅम्पाबद्दल, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या निधीबद्दल. त्याचा कायदा २०१६ चा, नियम २०१८ चे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम हस्तांतरित केली, त्यात महाराष्ट्राचे सुमारे ३,८४४ कोटी होते. ही रक्कम राज्याच्या लोकलेख्यात (अर्थसंकल्पाच्या नेहमीच्या खात्याहून वेगळ्या), व्याजी आणि व्यपगत न होणारी. तेव्हाच केंद्राने स्पष्ट केले होते, की हा पैसा राज्याच्या नियमित वन तरतुदीत भर म्हणून आहे, तिच्या बदल्यात नाही. हे पाळले जाते की नाही, हे आज अंदाजपत्रकाची पुस्तके चाळून कळत नाही, कारण राज्य निधीचा खर्च आणि कॅम्पाचा वार्षिक कृती आराखडा कधी एका पानावर येत नाहीत. एकच तक्ता हवा : मागील पाच वर्षे, राज्य निधी, कॅम्पा, केंद्र पुरस्कृत योजना, जिल्हा वार्षिक योजना, प्रत्येकात मंजूर, वितरित आणि प्रत्यक्ष खर्च. वितरित हा रकाना गाळू नये. गोम तिथेच आहे. केंद्र पुरस्कृत योजनांत राज्याच्या हिश्श्याची तारीखही द्यावी. व्याघ्र प्रकल्पाच्या आवर्ती खर्चात राज्याचा वाटा निम्मा असतो, आणि तो उशिरा गेला की केंद्राचा पुढचा हप्ता अडकतो.

आता हरित अर्थसंकल्पाकडे, म्हणजे पर्यावरणावरचा सगळा खर्च एकत्र दाखवणाऱ्या पुस्तकाकडे. बिहार आणि ओडिशाने २०२०-२१ मध्ये, केरळने त्यानंतर पर्यावरण वा हवामानाचे वेगळे दस्तऐवज मांडले. मुंबई महापालिकेनेही २०२४-२५ साठी हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. राज्यात आदिवासी घटक कार्यक्रमाचे वेगळे पुस्तक निघते, तेव्हा पर्यावरणाचे काढणे अवघड नाही. आज ‘३४३५ परिस्थितिकी व पर्यावरण’ हे शीर्ष उघडले तर राज्याच्या पर्यावरण खर्चाचा लहानसा तुकडा दिसतो. मृद व जलसंधारण २४०२ मध्ये, वने २४०६ आणि ४४०६ मध्ये, सांडपाणी नगरविकासाकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळ मुख्यतः संमती शुल्कावर चालते, म्हणून ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत जवळपास नाहीच.

मात्र असे पुस्तक काढायचे तर त्यात उणे बाजूही हवी, नाहीतर ते न काढलेलेच बरे. दुसऱ्या राज्यांच्या अशा दस्तऐवजांचा धडा हा, की जी योजना थोडीशी हिरवी ती पूर्ण रकमेने हिरव्या खात्यात जाते आणि बेरीज डोळे दिपवते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. सौर कृषिपंप डिझेल आणि कोळशाची वीज वाचवतो, त्या अर्थी तो हिरवा. पण भूजल अतिशोषित असलेल्या पाणलोटात दिवसभर फुकट चालणारा पंप विहीर आणखी खोल करतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, आणि त्याच राज्यात अटल भूजल योजनेखाली गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. दोन्ही खर्चांमागे कारणे आहेत. शेतकऱ्याची वीज तोडा असे आमचे म्हणणे नाही. पण हे दोन आकडे एका पानावर शेजारी छापले जावेत, आणि सौरपंपाचा खर्च पाणलोटाच्या वर्गवारीनुसार पूर्ण, अर्धा किंवा शून्य हिरवा धरावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे ही वर्गवारी तयार असते.

नद्यांबाबत थोडक्यात : सांडपाणी प्रकल्पाच्या बांधकामाला केंद्राचा पैसा मिळतो, पुण्यातल्या मुळा-मुठा योजनेत तर ८५ टक्के. पण पंपांच्या विजेचे बिल पुढे पंधरा-वीस वर्षे स्थानिक संस्थेने भरायचे असते. ज्या नगरपालिकेची घरपट्टीच बेताची, तिथे बिल थकते आणि सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते. बांधकामाला मान्यता देण्याआधी चालवण्याच्या खर्चाचा स्रोत लेखी घ्या.

शेवटचा मुद्दा नुकसानभरपाईचा. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी राज्य २५ लाख रुपये देते, ही रक्कम देशात मोठी आहे. रानडुकराने एका रात्रीत झोपवलेल्या भाताचे किंवा मक्याचे पैसे मात्र तरतूद संपली की पुरवणी मागण्यांची वाट बघतात, म्हणजे डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाची. पंचनामा ऑक्टोबरचा आणि पैसे पुढच्या पेरणीनंतर, असे झाले की त्या गावात पुढचा बिबट्या दिसल्यावर कोणी पिंजऱ्याची वाट बघत नाही, कोणीतरी कुंपणात वीज सोडतो. हा खर्च किती होणार हे आधी ठरवता येत नाही, म्हणून तो योजनेसारखा मर्यादेत बांधू नये. तरतूद संपताच आकस्मिकता निधीतून (अनपेक्षित खर्चासाठीच्या राखीव निधीतून) अग्रिम घेण्याचा अधिकार प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या प्रस्तावावर सात दिवसांत वापरता यावा, असा स्थायी आदेश निघावा.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, काहींना नवा पैसाही नाही. जाळरेषांच्या वितरणासाठी तर आपल्या विभागाच्या एका परिपत्रकात एक परिच्छेद पुरेल, आणि तो येत्या १ डिसेंबरच्या आत निघाला तर याच हंगामात उपयोगी पडेल. खरेदीबंदीच्या परिपत्रकात ‘वणवा प्रतिबंधासाठीची मजुरी, इंधन व साहित्य वगळून’ एवढे शब्द घालावेत. बहुवार्षिक मंजुरी आणि पाच वर्षांचा तक्ता मार्चच्या अधिवेशनापर्यंत व्हावा, ही अपेक्षा.

आपले,
वनकामे आणि राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास करणारे काही नागरिक

प्रत माहितीसाठी : मा. वनमंत्री, मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल